कुत्र्याची विष्ठा : राखणदाराच्या प्रकृतीचा रोजचा दाखला

सकाळी गोठ्यात पाऊल टाकले की शेतकऱ्याची नजर आधी शेणाकडे जाते. शेण घट्ट आहे की पातळ, त्यात न पचलेले दाणे दिसतात का, वास नेहमीचा आहे का, एवढ्यावरून चारा मानवला नाही की पाणी कमी पडले हे अनुभवी माणूस वैरण टाकता टाकताच ओळखतो. त्यासाठी त्याला कोणी शिकवलेले नसते. परंतु त्याच गोठ्याच्या दाराशी रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याची विष्ठा मात्र कोणी पाहत नाही. ती दिसली तर नाक मुरडायचे, पायाने थोडी माती लोटायची आणि पुढे जायचे, अशी आपली रीत आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ही रीत बदलावी असे वाटते म्हणून हा लेख. वस्तीवरचा कुत्रा दिवसभर मोकळा हिंडतो. त्याने काय खाल्ले हे आपल्याला ठाऊक नसते आणि त्याचे पोट दुखते आहे हे त्याला सांगता येत नाही. त्याच्या पोटाची खबर देणारी रोज मिळणारी आणि फुकटची गोष्ट एकच, ती म्हणजे विष्ठा. शिवाय ही खबर फक्त कुत्र्यापुरती नाही. शेळ्यामेंढ्या, गाई आणि अंगणात खेळणारी लहान मुले यांचाही तिच्याशी संबंध आहे, तो पुढे सविस्तर सांगितला आहे. लेखक कृषिविद्येचा माणूस आहे. त्यामुळे औषधयोजना पशुवैद्यकाचीच घ्यावी. आपण काय पाहावे आणि कधी धाव घ्यावी, एवढेच येथे सांगायचे आहे.

निरोगी विष्ठा कशी असते?

निरोगी मोठ्या कुत्र्याची विष्ठा तपकिरी रंगाची, घडीव आणि ओलसर असते. फावड्याने उचलली असता ती तुटत नाही व मातीवर फारसा डाग राहत नाही. तपकिरी रंग पित्तामुळे येतो. मोठा कुत्रा दिवसातून एक ते तीन वेळा, तर पिलू त्याहून जास्त वेळा शौचास बसते. भाकरीवर पोसलेल्या कुत्र्याची विष्ठा मांसावरच्या कुत्र्यापेक्षा जास्त पडते. त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

यासाठी आपल्या कुत्र्याची नेहमीची सवय माहीत असली पाहिजे. आठ-दहा दिवस रोज सकाळी नजर टाकली की ती माहीत होते. पुढे जो फरक दिसेल तो महत्त्वाचा.

आहारामुळे पडणारा फरक

प्रत्येक बदल म्हणजे आजार नव्हे. कुत्र्याने गवत खाल्ले तर विष्ठा हिरवट दिसते. रक्तवाढीचे लोहयुक्त औषध चालू असेल किंवा खाटकाकडचे रक्त, काळीज खाल्ले असेल तर ती काळपट होते. हाडे जास्त झाली की विष्ठा पांढरी, खडूसारखी ठिसूळ आणि कोरडी पडते व कुत्रा कुंथत बसतो. हाडांबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शिजलेल्या कोंबडीच्या हाडाच्या टोकदार काचा होतात व त्या आतड्याला जखम करतात. घरी पाहुणे येऊन गेल्यावर ताटातली हाडे कुत्र्यापुढे टाकणे हा लाड नाही.

दुधाचेही तसेच. ज्या घरी दुभती जनावरे आहेत तेथे कुत्र्याला दूध-भाकरी मिळते आणि तो नेहमीच पातळ शौच करतो, असे पुष्कळदा पाहावयास मिळते. पिलू मोठे झाल्यावर दुधातील साखर पचवण्याची त्याची शक्ती कमी होते. असा कुत्रा एरवी हुशार व खाता-पिता असेल तर चार दिवस दूध बंद करून पाहावे. पुष्कळ वेळा एवढ्यानेच विष्ठा बांधून येते. नवीन आहार एकदम सुरू न करता पाच-सात दिवसांत जुना कमी व नवा जास्त असा बदलावा.

पातळ शौच : आतड्याचा कोणता भाग बिघडला?

हगवण लागलेल्या कुत्र्याकडे नीट पाहिले तर दोन प्रकार लक्षात येतात. पहिल्या प्रकारात कुत्रा दिवसातून थोड्याच वेळा, पण दर वेळी भरपूर व पाण्यासारखे शौच करतो. अशा वेळी लहान आतड्यात बिघाड असतो आणि कुत्रा लवकर खंगतो. दुसऱ्या प्रकारात तो सारखा बसतो, कुंथतो, पण दर वेळी थोडेसेच पडते. त्यात चिकट आव व शेवटी ताज्या लाल रक्ताचे थेंब असतात. हा मोठ्या आतड्याचा विकार होय. डॉक्टरांना हा फरक नेमका सांगितला तर त्यांचे निम्मे काम होते. "पोट बिघडलंय" एवढ्या सांगण्यावरून त्यांना काही कळत नाही.

मोठा कुत्रा ताजातवाना असेल, उलटी नसेल व विष्ठेत रक्त नसेल तर एक वेळचे खाणे बंद ठेवावे, पाणी मात्र समोर असू द्यावे. नंतर मऊ भात किंवा बिनमसाल्याच्या उकडलेल्या कोंबडीच्या मांसात कालवलेला भात थोडा थोडा द्यावा. जलसंजीवनीचे पाकीट पाण्यात कालवून पाजता येते. दोन दिवसांत फरक पडला नाही तर दवाखाना गाठावा. पिलाला मात्र उपाशी ठेवू नये व त्याच्या बाबतीत दोन दिवस वाटही पाहू नये. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच सपाट न होता उभी राहिली तर शरीरातील पाणी फार कमी झाले आहे, असे समजावे.

घरातील माणसांच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. लंगडणाऱ्या कुत्र्याला आपल्या गुडघेदुखीची गोळी चारणारे लोक आहेत. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, रक्तस्राव होतो आणि विष्ठा काळी होऊ लागते.

काळी विष्ठा

विष्ठेतील रक्त नेहमी लाल दिसत नाही. गुदद्वाराजवळून आलेले रक्त लाल असते. जठरात किंवा लहान आतड्यात स्रवलेले रक्त पचत पचत खाली येते, त्यामुळे विष्ठा डांबरासारखी काळी, चिकट व उग्र वासाची होते. शंका आल्यास पांढऱ्या कागदावर थोडी विष्ठा ठेवून त्यावर पाणी टाकावे. कडेने तांबूस रंग पसरला तर रक्त असण्याचा संभव मोठा. त्याबरोबर कुत्र्याचा ओठ उचलून हिरडी पाहावी. निरोगी हिरडी गुलाबी असते, रक्त कमी झाले की ती फिकट पांढरी पडते. काळी विष्ठा आणि पांढरी हिरडी ही दोन्ही दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. कुत्रा बिथरलेला असेल, लाळ गाळत असेल, आवाज बदलला असेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर मात्र तोंडाला मुळीच हात लावू नये. ती पिसाळल्याची लक्षणे असू शकतात.

पिलांमध्ये काळ्या विष्ठेचे नेहमीचे कारण म्हणजे अंकुशकृमी. हा जंत एक ते दोन सेंटिमीटर लांबीचा, दोऱ्यासारखा बारीक असून आतड्याला चिकटून रक्त पितो. तो विष्ठेत सहसा डोळ्यांना दिसत नाही. आईच्या दुधातूनच तो पिलाच्या पोटात जातो. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांचे गुबगुबीत पिलू एकाएकी मलूल होते आणि मरते. त्या वेळेपर्यंत विष्ठेत जंतांची अंडीही आलेली नसतात. म्हणून पिलाच्या बाबतीत तपासणीची वाट न पाहता वेळेवर जंतनाशक देणे भाग आहे. ओल्या जमिनीत वाढणाऱ्या या जंताच्या अळ्या माणसाच्या अनवाणी पायातही शिरतात व कातडीखाली खाजणारी, नागमोडी लाल रेघ उमटते.

मोठ्या कुत्र्यात गोचीडतापामुळेही विष्ठा काळी होते. अंगावर गोचीड, ताप, नाकातून रक्त आणि पोटाच्या कातडीवर लाल ठिपके असा त्याचा मेळ असतो.

तिसरे कारण आपल्या शेतातलेच आहे. उंदरांच्या बंदोबस्तासाठी ब्रोमॅडिओलोन वापरण्याची शिफारस आम्हीच करतो. ०.२५ टक्के तीव्रतेची पूड, भरडलेले धान्य व गोडे तेल एकत्र करून ०.००५ टक्क्यांचे आमिष तयार करतात व ते बिळात टाकतात. हे औषध रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते. उंदीर लगेच मरत नाही आणि कुत्राही लगेच आजारी पडत नाही. तीन ते पाच दिवस काहीच दिसत नाही. मग कुत्रा सुस्त होतो, धाप लागते, विष्ठा काळी किंवा रक्ताळ होते. तोपर्यंत आमिषाची आठवण कोणाला राहत नाही.

आमच्या घरच्या शेतावर गव्हात उंदीर झाले होते तेव्हा आमिष मीच कालवले होते. बिळे बुजवली, आमिष टाकले आणि उरलेले पाटीत तसेच खोपीत ठेवून मी नोकरीच्या गावी परतलो. तेलाच्या वासाने मोतीने पाटी चाटून पुसून साफ केली. चौथ्या दिवशी तो काळे शौच करू लागला. वडिलांनी फोनवर सांगितले तेव्हा, कोठेतरी मेलेले जनावर खाल्ले असेल, असे मीच म्हणालो. सहाव्या दिवशी तो गेला. पाटीचे मला त्यानंतर आठवले. वर्गात उंदीरनाशकाचा धडा शिकवताना उरलेले आमिष खोल पुरावे हे वाक्य मी पूर्वीही सांगत असे. आता ते फळ्यावर लिहून घेतो.

वेळेवर लक्षात आले तर या विषावर उपाय आहे. जीवनसत्त्व के-१ हा त्यावरचा उतारा. पशुवैद्यक ते सुरू करतात आणि या औषधाचा परिणाम शरीरात लांबत असल्याने सर्वसाधारणपणे तीन ते चार आठवडे चालू ठेवतात. कुत्र्याने आमिष खाल्ल्याचे डोळ्यांनी पाहिले तर लक्षणांची वाट पाहूच नये. औषधाचे पाकीट बरोबर घेऊन लगेच निघावे. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर उलटी करवून विष बाहेर काढू शकतात. झिंक फॉस्फाइडची गोष्ट वेगळी आहे. त्याने काही तासांतच उलट्या, धाप व मृत्यू येतो. उलटीतून विषारी वायू निघत असल्याने कुत्र्याला उघड्यावर ठेवावे. पातळ शौचाबरोबर सारखी लाळ, अंगाला कंप आणि बारीक झालेली बाहुली दिसली तर फवारणीच्या कीटकनाशकाची विषबाधा समजावी व ताबडतोब दवाखाना गाठावा.

पिलांची रक्ती हगवण

सहा आठवडे ते सहा महिने वयाचे पिलू प्रथम खाणे सोडते, उलट्या करते आणि एक-दोन दिवसांत अत्यंत दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित पाण्यासारखी हगवण सुरू होते. हा पार्व्हो विषाणूचा रोग. १९७८ च्या सुमारास तो प्रथम ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. उपचाराविना बहुतेक पिले दगावतात. शिरेतून सलाईन व इतर उपचार लवकर मिळाले तर पुष्कळ वाचतात. घरगुती औषधांत एक दिवस घालवणे म्हणजे पिलू गमावणे.

या रोगाचा विषाणू आजारी पिलाच्या विष्ठेतून मातीत पडतो व कित्येक महिने जिवंत राहतो. एका घरी एकामागून एक पिले मरतात व लोक ती जागा वाईट समजतात, त्याचे खरे कारण हे असते. फिनेलवर येथे विसंबू नये. ब्लीचिंग द्रावण, म्हणजे बाजारात मिळणारे घरगुती ब्लीच एक भाग व पाणी तीस भाग, फरशीवर व भांड्यांवर दहा मिनिटे राहू द्यावे. मातीच्या अंगणात हे द्रावण फारसे चालत नाही, म्हणून तेथे लस पूर्ण झालेलेच पिलू आणावे. लसीची पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांची असताना, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवडे वयापर्यंत आणि नंतर वर्षाने द्यावी. एकच टोचून थांबणे पुरेसे नाही. हा रोग माणसाला किंवा गुराढोरांना होत नाही.

डोळ्यांना दिसणारे जंत

शेवयांसारखे पांढरे, वीतभरापर्यंत लांब जंत उलटीत किंवा विष्ठेत पडले तर ते गोलकृमी होत. आईच्या गर्भाशयातूनच ते पिलात येतात. म्हणून "आमचे पिलू घराबाहेर गेलेच नाही, त्याला जंत कसे?" हा प्रश्न गैरलागू आहे. पिलास दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यात, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतनाशक द्यावे आणि पिलांबरोबर आईलाही द्यावे. या जंताची अंडी विष्ठेत पडल्याबरोबर रोग देत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे गेल्यावर ती रोगकारक होतात व पुढे वर्षानुवर्षे टिकतात. मुलांच्या हातामातीतून ती पोटात गेली तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यात जातात. विष्ठा त्याच दिवशी उचलली तर मातीत अंडी तयार होण्यास अवधीच मिळत नाही. दहा मिनिटांच्या या कामाचे मोल एवढे मोठे आहे.

काकडीच्या बीसारखे किंवा भाताच्या शितासारखे पांढुरके तुकडे विष्ठेवर वळवळताना किंवा शेपटीखाली वाळून चिकटलेले दिसले तर तो पट्टकृमी समजावा. त्याचा प्रसार पिसवांमधून होतो. अंग खाजवताना कुत्रा पिसू गिळतो आणि जंत पोटात जातो. केवळ गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात पुन्हा शिते दिसू लागतात. या जंतावर प्राझिक्वांटेल हे औषध दर किलो वजनास ५ मि.ग्रॅ. या प्रमाणात देतात, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्यास १०० मि.ग्रॅ. गाई-म्हशींसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचण्याची सवय घातक आहे. काही जातींच्या कुत्र्यांना ते सोसत नाही, आणि पट्टकृमीवर त्याचा उपयोगही होत नाही.

न दिसणारा जंत : सर्वांत धोकादायक

येथपर्यंत विष्ठेत जे दिसते त्याचा विचार केला. आता जे दिसत नाही त्याविषयी. एकायनोकॉकस नावाचा पट्टकृमी अवघा २ ते ७ मि.मी. लांबीचा असतो. एका कुत्र्याच्या आतड्यात तो हजारोंच्या संख्येने राहू शकतो. कुत्रा धट्टाकट्टा असतो, विष्ठा घडीव व तपकिरी असते. पाहणाऱ्याला काहीच वावगे दिसत नाही. परंतु त्या विष्ठेतील अंडी बाहेर पडताक्षणीच रोग देण्यास समर्थ असतात.

ही अंडी गवतावरून शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांच्या पोटात जातात व यकृतात, फुफ्फुसात पाण्याचे फोड तयार होतात. बोकड कापताना काळजावर किंवा फोपशावर लिंबाएवढ्या पांढऱ्या, पाणी भरलेल्या पिशव्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. त्या खराब म्हणून कापून बाजूला टाकतात आणि शेजारी बसलेला कुत्रा त्या उचलतो. जत्रा, कंदुरी, घरचे कार्य, सगळीकडे हेच घडते. सहा-सात आठवड्यांत त्याच्या पोटातील जंत अंडी टाकू लागतात. माणसाच्या पोटात ती कुत्र्याच्या अंगावरून हाताला लागून किंवा न धुतलेल्या भाजीतून जातात. माणसातही असाच फोड यकृतात, फुफ्फुसात वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो, आणि पुष्कळदा तो काढण्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. फोड असलेल्या बोकडाचे मांस खाल्ल्याने माणसाला हा रोग होत नाही, तो कुत्र्याच्या विष्ठेतूनच येतो, हे नीट ध्यानात घ्यावे.

न्यूझीलंड या मेंढपाळांच्या देशात हा रोग फार होता. १९५९ साली तेथे त्यासाठी कायदा झाला. प्रत्येक कुत्र्याला सुपारीतील अर्कोलिन या द्रव्यापासून केलेले रेचक देत व पडलेली विष्ठा जंतांसाठी तपासत. नंतर तपासणीऐवजी दर सहा आठवड्यांनी जंतनाशक देण्याची पद्धत आली. कच्चा कोथळा कुत्र्याला घालण्यावर बंदी होतीच. २००२ मध्ये तो देश या रोगातून तात्पुरता मुक्त म्हणून जाहीर झाला. चाळीस वर्षे लागली, पण यातले कोणतेही काम शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे नव्हते.

आपण एवढे करावे. कापलेल्या जनावराचे काळीज, फुफ्फुस, डोके कुत्र्याला कच्चे घालू नये. घालायचेच तर बारीक तुकडे करून अर्धा तास खळखळा उकळावे, नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतके खोल पुरावे. मेंढपाळांनी व जेथे कच्चे अवयव खाण्याची संधी कुत्र्याला मिळते अशा सर्वांनी दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल द्यावे. हे औषध जंत मारते, अंडी मारत नाही. म्हणून गोळी दिल्यावर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवावा व त्या दोन दिवसांची विष्ठा जाळावी किंवा खोल पुरावी. गोळी देऊन कुत्रा गवतात मोकळा सोडणे म्हणजे अंडी पेरणेच होय.

मेंढीचे डोके खाण्याचाही असाच तोटा आहे. मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते, तेव्हा तिच्या मेंदूत वाढणारा पाण्याचा फोड दुसऱ्या एका पट्टकृमीचा असू शकतो आणि तो कुत्र्याच्या विष्ठेतूनच आलेला असतो. गाईंच्या बाबतीत निओस्पोरा हा सूक्ष्म जीव लक्षात ठेवावा. कुत्र्याने गाईची वार किंवा गाभडलेले वासरू खाल्ले तर तो त्याच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून वैरणीत उतरतो आणि पाच-सहा महिन्यांच्या गाभण गाई गाभडतात. म्हणून वार पडताच उचलून पुरावी. कुत्र्याला कडब्याच्या गंजीवर व भुसकटाच्या ढिगावर झोपू देऊ नये, कारण जेथे तो झोपतो त्याच्या आसपासच तो शौचास जातो.

विष्ठेची विल्हेवाट

कुत्र्याची विष्ठा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये. हा मुद्दा खास आमच्या विषयातला असल्याने थोडे स्पष्ट सांगतो. आपल्या नेहमीच्या खड्ड्यात सर्व थरांना सारखी उष्णता मिळत नाही. मध्ये खत तापते, कडा थंड राहतात, आणि जंतांची अंडी त्या कडांना टिकून राहतात. गांडूळखताचा वाफा तर थंडच ठेवावा लागतो. असे खत मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला पडले तर अंडी थेट ताटात येतात. गोबरगॅसच्या टाकीचाही भरवसा धरू नये.

विहीर, बोअर व भाजीचा वाफा यांपासून दूर दोन फूट खोल खड्डा घ्यावा. रोज सकाळी फावड्याने विष्ठा खालच्या थोड्या मातीसकट उचलून त्यात टाकावी व वर माती लोटावी. खड्डा वीतभर राहिला की बुजवून दुसरा काढावा. वर झाकण म्हणून जुना पत्रा पुरतो. फावडे या कामासाठी वेगळे ठेवावे व हात साबणाने धुवावेत. मुलांना हे काम सांगू नये.

नमुना कसा न्यावा?

विष्ठा सतत पातळ पडत असेल, कुत्रा खाऊनही खंगत असेल किंवा अंगावरची तकाकी गेली असेल तर नमुना तपासून घ्यावा. सकाळी पडलेल्या ताज्या विष्ठेचा मातीला न लागलेला, सुपारीएवढा भाग स्वच्छ, कोरड्या, रुंद तोंडाच्या झाकणाच्या बाटलीत घ्यावा. आव किंवा रक्त असेल तर तो भाग अवश्य घ्यावा. बाटलीवर कुत्र्याचे वय, वजन, शेवटचे जंतनाशक कधी दिले व काय दिले, हे लिहून चिकटवावे. नमुना त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्ह्याच्या सर्व चिकित्सालयात पोचवावा. वाटेत ऊन लागू नये म्हणून बाटलीभोवती ओले फडके गुंडाळावे. शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर व मुंबई येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडेही मार्गदर्शन मिळू शकते.

काही जंत रोज सारखी अंडी टाकत नाहीत. त्यामुळे पहिल्या नमुन्यात काही आढळले नाही आणि कुत्रा मात्र खंगतोच आहे, असे असेल तर आठ-दहा दिवसांनी दुसरा नमुना न्यावा. एकायनोकॉकसची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीही दुसऱ्या पट्टकृमींच्या अंड्यांसारखीच दिसतात. तेव्हा कुत्र्याला कच्चे अवयव मिळतात ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी, ते विचारतील याची वाट पाहू नये.